कडेगवईचं बोट

१

"हा तो पक्षी नाही," शिट्टी म्हणाली.

टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणी दचकलं नाही. हरलेला माणूस काहीतरी बोलणारच, अशा समजूतदार चेहऱ्याने सगळे तिच्याकडे बघत राहिले.

टेबलावर संग्रहालयाच्या कपाटातून काढून आणलेला एक लाकडी खण होता. त्यात कापसाच्या गादीवर एक करडा पक्षी पाठीवर निजवलेला होता. पाय एकमेकांवर घातलेले आणि पायाला दोऱ्याने बांधलेलं लाल काठाचं लेबल. लाल काठ म्हणजे मूळ नमुना. ज्या पक्ष्याला समोर ठेवून जातीला पहिल्यांदा नाव दिलं, तो हा. पणजोबांच्या काळात कुणीतरी डोंगराच्या कड्यावर तो टिपला, आत भराव घालून इथे पाठवला आणि त्याच्यावरून 'कडेगवई' हे नाव पडलं. कड्यावरून आलेला हा एकुलता एक नमुना. नंतर कुणी दुसरा आणलाच नाही.

जमलेली मंडळी नामावली समितीची होती. कुठले पक्षी वेगळ्या जातीचे आणि कुठले एकाच जातीचे, हे ठरवणं त्यांचं काम. संग्रहालयातले लोक चेष्टेने तिला 'वाटणी समिती' म्हणत. पक्ष्यांच्या घरात कुणाची चूल वेगळी मांडायची आणि कुणाला एकत्र कुटुंबात कोंबायचं, हे तीच सांगते म्हणून. बऱ्याच वर्षांपूर्वी याच समितीने कडेगवईची चूल मोडली होती. कड्यावरचा कडेगवई आणि खाली मैदानात ढिगाने दिसणारा रानगवई हे एकच, असा निकाल दिला होता. त्याबरोबर कडेगवई हे नाव कागदावरून गेलं, नाव गेल्यावर संरक्षण गेलं आणि कड्याला दगडाची खाण लागली.

आता त्या डोंगरात पक्ष्यांना राहण्याजोगी एकच घळ उरली होती. शिट्टी त्या घळीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं जाऊन बसणारी संशोधक. कुठल्याही पक्ष्याची हुबेहूब नक्कल करते म्हणून तिला हे नाव पडलेलं. दोन्ही जाती पुन्हा वेगळ्या करा, असा तिचा प्रस्ताव होता. घळीला खाणकंपनीचं कुंपण असल्यामुळे जिवंत पक्षी हाती लागणं अशक्य. मग पुरावा एकच उरला: मूळ नमुन्याच्या बोटाची कपची काढून तिचा डीएनए तपासायचा. त्याचा अहवाल आज सकाळी आला होता. त्यात लिहिलं होतं, रानगवई.

"म्हणजे संपलंच की," खाणकंपनीचे सल्लागार म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

समितीच्या चिटणीसबाईंनी भिंग उचललं. खरं तर उगाचच. शिट्टीच्या शब्दाला निदान कुणीतरी मान दिला असं दिसावं, एवढाच हेतू. कपची काढली तेव्हा त्या स्वतः या टेबलापाशी उभ्या होत्या. पक्ष्यांत पेंढा भरणारे गृहस्थ, ज्यांना सगळे पेंढारी म्हणत आणि त्यांनाही ते आवडे, त्यांनी उजव्या पायाच्या मधल्या बोटाखालची गादी ब्लेडने कापली होती. तांदळाच्या कणीएवढी.

बाईंनी भिंग बोटावर धरलं. मग खिडकीकडे सरकून उजेडात धरलं. मग दुसरा पाय बघितला.

दोन्ही पायांची बोटं अखंड होती. कुणी कधी ब्लेड लावलंच नसावं इतकी.

२

"पोलिसांत जायचं नाही," अध्यक्ष म्हणाले. "मेलेला पक्षी बदलला म्हणून तक्रार द्यायला गेलो तर हसून बाहेर काढतील. बाई, तुम्ही बघा काय ते. पुढच्या बैठकीच्या आत."

"त्यात बघायचंय काय?" सल्लागार शांतपणे म्हणाले. "कापल्याची खूण नसली की अहवाल रद्द. अहवाल रद्द झाला की फायदा कुणाचा?"

सगळ्यांच्या माना शिट्टीकडे वळल्या. चिटणीसबाईंचीही वळली, आणि नंतर कितीतरी दिवस त्यांना तीच आठवण टोचत राहिली. कारण त्या नुसत्या बघून थांबल्या नाहीत. सगळ्यांच्या देखत हात पुढे करून म्हणाल्या, "चौकशी होईपर्यंत तुझं नमुन्यांच्या दालनात शिरायचं कार्ड माझ्याकडे दे."

शिट्टीने गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. हातात दिलं नाही.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी तिला गाठलं.

"अहवाल येण्याच्या आदल्या आठवड्यात तू दालनात आली होतीस?"

"आले होते. रोज येते."

"एकटीच होतीस?"

"पेंढारीकाका होते, पण ते पलीकडे घुबडाचे डोळे बसवत होते. म्हणजे एकटीच म्हणा." ती भिंतीला टेकली. "बाई, मी बदलला असता तर 'हा तो नाही' असं कशाला ओरडले असते? गप्प बसून तुम्हाला भिंग उचलू दिलं असतं."

"मग तुला कशावरून वाटलं?"

"कपची काढली त्या दिवशी बघितलेला पक्षी जरा गुबगुबीत होता. हा रोड आहे. मागच्या आठवड्यात खणात बघितला तेव्हा वाटलं, मलाच भास होतोय. आज खात्री पटली." मग ती जरा अडखळत म्हणाली, "तुम्ही दोन्हींचं गाणं कधी ऐकलंय का? मी आत्ता वाजवून दाखवते. दोन मिनिटं लागतील."

"शिट्टी पुरावा म्हणून चालत नाही," बाई म्हणाल्या. "आणि तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये नुसतं वारं आणि सुरुंग ऐकू येतात, असं समितीने मागेच नोंदवलंय."

शिट्टीने ओठांचा चंबू केला होता, तो तसाच मिटला. ती जिना उतरून गेली.

चिटणीसबाई परत खणाशी आल्या. त्यांना ऐकायचं नव्हतं याला एक कारण होतं, आणि ते त्या स्वतःशीही उच्चारत नसत. कडेगवईची चूल मोडली तेव्हा पंखांची, चोचींची मापं घेणारी विद्यार्थिनी म्हणजे त्या स्वतः होत्या. कड्यावरच्या त्या एका पक्ष्याची मापं मैदानातल्यांच्या मापांत मिसळून जात होती, आणि त्यांच्या सरांनी त्या मापांवर निकाल लिहिला होता. मापं बरोबरच होती. दर वेळी सुरुंगाची बातमी आली की बाई मनात म्हणत, मापं बरोबर होती.

त्यांनी पक्षी अलगद उचलला आणि पोटावरची शिवण उजेडात धरली. 

शिवणीच्या उसवलेल्या टोकातून वाळलेलं शेवाळ डोकावत होतं.

३

विद्यार्थिनी असताना हाच पक्षी त्यांनी किती वेळा हातात घेतला होता. कड्यावर कापूस कुठून मिळणार, म्हणून टिपणाऱ्याने हाताला येईल ते शेवाळ आत भरलं होतं. मैदानातल्या साऱ्या रानगवयांत कापूस होता. तेव्हा खणातला हा रोड पक्षी बदललेला नव्हता. खरा मूळ नमुना हाच.

मग ज्याचं बोट कापलं तो कोण?

बाई पेंढारींना घेऊन रानगवईच्या खणांकडे गेल्या. डांबरगोळ्यांच्या वासात दोघे एकेक पक्षी उलटा करून पायाची बोटं तपासू लागले.

"तुमचे जावई कंपनीत गाडी चालवतात म्हणे," बाई सहज म्हणाल्या.

"चालवतो की. आणि सासऱ्याला एकदाही त्या गाडीत बसवलं नाही," पेंढारी म्हणाले. मग त्यांचा हात थांबला. "माझ्यावर संशय आहे होय?"

"सगळ्यांवर आहे."

"मग माझ्यावर जरा चांगल्या प्रतीचा घ्या. मला दगाच द्यायचा असता तर मी आख्खा पक्षी कशाला बदलला असता? ब्लेड माझ्या हातात, कुपी माझ्या हातात. कुपी बदलली असती की काम झालं. तुम्ही समोर उभ्या होतात, पण तुमचं सगळं लक्ष आपल्या वहीत."

बाईंना हसू आलं, पण ते पुरतं उमटायच्या आत पेंढारींनी एक पक्षी त्यांच्यापुढे धरला. गुबगुबीत, कापूस भरलेला, साध्या पांढऱ्या लेबलाचा. उजव्या पायाच्या मधल्या बोटाखाली कणीएवढा खड्डा होता.

"हाच," पेंढारी म्हणाले. "हा माझाच काप आहे. पण मी कापला तेव्हा याच्या पायाला लाल लेबल होतं, बाई. देवाशपथ."

"होतं. मीही बघितलं होतं."

म्हणजे कपची काढण्याच्या आधीच कुणीतरी लेबलं उलटसुलट बांधली होती. लाल लेबल एका साध्या रानगवईला बांधलं, त्याला मूळ नमुन्याच्या खणात निजवलं आणि खऱ्याला गर्दीत मिसळून टाकलं. प्रयोगशाळेने प्रामाणिकपणे रानगवई तपासला आणि रानगवई म्हणून सांगितलं. ही अदलाबदल शिट्टीच्या मुळावर येणारी होती. तिने स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतला असता?  तिचं कार्ड अजून बाईंच्या पर्समध्येच होतं.

पण खरा घोळ पुढेच होता. कपची घेऊन झाल्यावर त्याच माणसाने पुन्हा येऊन दोन्ही लेबलं जिथल्या तिथे बांधली होती, खरा पक्षी खऱ्या जागी ठेवला होता. दोऱ्याच्या गाठी बारीक आणि सुबक होत्या. कुणी घाई केलेली नव्हती.

काम फत्ते झाल्यावर चोर चोरलेली वस्तू परत कशाला आणून ठेवेल?

४

"मी मूर्ख दिसतो का?" सल्लागारांनी विचारलं. त्यांच्या केबिनमध्ये डोंगराचा मोठा नकाशा होता आणि घळीच्या जागी पेन्सिलीने हलकीशी रेघ मारलेली होती. "पहिल्या अदलाबदलीत माझा फायदा आहे, कबूल. मी काही साधूसंत नाही. पण दुसरी मी का करीन? लाल लेबल चुकीच्या पक्ष्यावर राहिलं असतं तर आज तुम्ही इथे आलाच नसतात. ज्याने परत बदललं त्याने माझं नुकसान केलंय. तो सापडला तर मलाही सांगा."

बाईंना तो माणूस आवडत नव्हता, पण त्याचं म्हणणं खोडता येईना.

अशा वेळी त्या सरांकडे जात. आताही पाय तिकडेच वळले. सर म्हणजे समितीचे जुने अध्यक्ष, आता नावापुरते सन्माननीय सभासद. निवृत्तीनंतरही ते आणि त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या काकू, दर आठवड्याला दालनात येत. सर खुर्चीत बसून सांगत, आणि काकू जीर्ण झालेली लेबलं नव्याने लिहून, नवा दोरा घालून बांधत. गेल्या काही दिवसांत मात्र सरांचं येणं थांबलं होतं.

काकूंनी दार उघडलं. "ये गं. वेळेवर आलीस, चहा टाकतच होते. त्यांचं आवरून होतंय."

आतल्या खोलीत सर पलंगाच्या कडेला बसले होते. काकू परत आत गेल्या आणि त्यांच्या शर्टाची उरलेली बटणं लावू लागल्या. सर मान वर करून, शाळेत जाणाऱ्या मुलासारखे बसून राहिले. चहा आला तेव्हा सरांचा कप अर्धाच भरलेला होता, तरी बशीत सांडला. काकूंनी पदराने बशी पुसली.

बाईंनी सगळं सांगितलं. अखंड बोट, शेवाळ, कापूस, गाठी. सर डोळे मिटून ऐकत होते. काकू दाराशी भाजी निवडत बसल्या होत्या.

"बोट कापलं?" काकूंनी मधेच विचारलं. "पीस घेतात ना? एका पिसावरून सगळं काढतात म्हणे हल्ली."

"जुन्या नमुन्यात पिसापेक्षा बोटाच्या गादीतून चांगलं मिळतं, काकू."

"असं होय," काकू म्हणाल्या आणि निवडलेल्या भाजीतली दोन चांगली पानं देठांच्या ढिगात टाकली.

"सर, तुम्हाला काय वाटतं?" बाईंनी विचारलं. "कोण असेल?"

सरांनी डोळे उघडले नाहीत. "पक्षी एकच आहे," ते म्हणाले. "खाली मैदानात भरपूर आहेत. कोणी कुठलंही लेबल बांधो."

बाई निघाल्या. जिना अर्धा उतरल्या आणि त्यांचा हात कठड्यावरच राहिला. वर जावं की खाली, हेच त्यांना कळेना.

ज्याने पक्षी परत ठेवला, त्याने खऱ्या नमुन्याच्या बोटावर खूण करायची राहू दिली होती. पेंढारी ती विसरले नसते, तो काप त्यांचाच होता. सल्लागार विसरले नसते, शिट्टी विसरली नसती. तिघेही कापताना तिथे हजर होते. खूण राहिली कारण त्या माणसाला ती असते हेच ठाऊक नव्हतं. पीस घेतील, मागमूस राहणार नाही, असं त्याने धरलं होतं.

दालनात हक्काने येणाऱ्यांपैकी त्या दिवशी टेबलाशी नव्हती अशी दोनच माणसं होती. दोघेही आत्ता वर, अर्ध्या कपासमोर बसलेले होते.

५

दुसऱ्या दिवशी दार सरांनीच उघडलं. कडीशी झटापट चाललेली बाहेरूनही ऐकू आली होती.

"तिला भाजीला पाठवलंय," सर म्हणाले. "काल तू जिन्यात थांबलीस ते मी खिडकीतून बघितलं. बस. उगाच फिरवून विचारू नकोस. ते मी केलं."

"सर..."

"निकाल माझा होता. म्हातारपणी तो चुकीचा ठरलेला बघवेना. लेबलं बदलली. मग लाज वाटली, परत बदलली. तुझ्या अहवालात लिही, मी सही करतो."

बाईंनी सही म्हणताना थरथरणाऱ्या त्या हाताकडे बघितलं. सरांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. काकू घरात नसल्या की ते तसंच राहत असणार.

"पक्ष्याच्या पायाची जाडी काडीएवढी," त्या हळूच म्हणाल्या. "दोऱ्याच्या बारीक गाठी, त्याही चार वेळा मारलेल्या. सर, तुम्हाला बटण लावता येत नाही."

सरांचा हात आपसूक वरच्या बटणाकडे गेला.

"त्यांना कशाला छळतेस?" मागून आवाज आला. काकू दारात उभ्या होत्या. पिशवी रिकामीच होती. त्या भाजीला गेल्याच नव्हत्या. जिन्यात बसून होत्या. "मी बांधल्या गाठी. तू मला विचार."

त्या आत आल्या, पिशवीची नीट घडी केली, ती मांडीवर ठेवली आणि सांगू लागल्या.

"रोज सकाळी पेपर आला की हे आधी खाणीची बातमी शोधतात. सुरुंग लावला, अमुक भाग पाडला. वाचून झालं की म्हणतात, पक्षी एकच आहे, खाली भरपूर आहेत. रोज. जप केल्यासारखं. मला कळायचं ते. पक्षी एकच असेल तर काही मेलं नाही. वेगळा निघाला तर मग यांच्या सहीने एक आख्खी जात मारली असं होतं. ते ऐकून हे किती दिवस काढतील, तूच सांग."

"आणि घळीतले उरलेले, काकू? त्यांचं काय?"

"म्हणूनच परत ठेवला ना." काकूंचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "झोप लागेना. इतकी वर्षं लेबलं बांधली, एक अक्षर चुकलं तरी फाडून नवीन लिहिलं. आणि तिथे माझ्या हाताने खोटं बांधलेलं पडून आहे. वाटलं, पीस तपासायला गेलंय, निकाल ठरल्यातच जमा, आता निदान खण तरी खरा असू दे. पुढे कधीतरी कुणाला तरी सापडेल. आम्ही नसू तेव्हा."

"तू हे माझ्यासाठी केलंस?" सरांनी विचारलं. ते बायकोकडे परक्या माणसाकडे बघावं तसे बघत होते.

"तुमच्यासाठी कसलं," काकू म्हणाल्या. "तुमची पिशवी भरलेली होती, आठवतं? निकालाच्या आधी एकदा वर जाऊन गाणं ऐकून येतो म्हणाला होतात. मी हट्ट धरला, या खेपेला तरी घरी राहा. मी आजारी नव्हते, कुणाचं काही अडलं नव्हतं. एकटीला कंटाळा आला होता, एवढंच. तुम्ही पिशवी रिकामी केलीत आणि बसल्या जागी मापांवर निकाल लिहिलात. तुमच्या सहीखाली माझीच सही आहे. कुणाला दिसत नाही इतकंच."

"मी ठरवलं असतं तर गेलो असतो," सर म्हणाले. "तू अडवलंस म्हणून मला सोयीचंच झालं. चढण अवघड होती."

चिटणीसबाई दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसून राहिल्या. मापं बरोबर होती, हे वाक्य त्यांच्या तोंडाशी आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

६

बैठकीच्या दिवशी बाईंनी अहवाल वाचायला घेतला. गुन्हेगाराचं नाव यायच्या आधीच मागच्या खुर्चीवरून काकू उठल्या आणि म्हणाल्या, "पुढचं मी सांगते." त्यांनी सांगितलं. रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत, मोजकं बोलून बसल्या. 

समितीने काकूंना दालनात यायला कायमची बंदी केली. अध्यक्षांनी तो ठराव मान खाली घालून वाचला. त्या दालनातली अर्धी लेबलं काकूंच्या अक्षरातली होती.

पेंढारींनी सगळ्यांसमोर खऱ्या नमुन्याच्या बोटाची कपची काढली. या वेळी चिटणीसबाईंनी वहीत डोकं घातलं नाही. पुढचा अहवाल यायला बराच काळ गेला. तो वाचण्याचं काम अध्यक्षांनी सरांकडे दिलं. दया म्हणून की शिक्षा म्हणून, ते कुणालाच कळलं नाही. सरांनी कागद टेबलावर पसरला, हाताने धरायचं टाळून.

"रानगवईपासून स्वतंत्र," त्यांनी वाचलं. "फरक मोठा आहे." मग चष्मा काढून म्हणाले, "एकत्र मी केले होते. वेगळे करावेत, असा ठराव मी मांडतो."

ठराव एकमताने झाला. कडेगवईचं नाव परत यादीत आलं, आणि काही आठवड्यांनी घळीजवळचे सुरुंग थांबवण्याचा हुकूम निघाला. ज्या कड्यावरून तो पहिला पक्षी आला होता, तो कडा मात्र केव्हाच खडी होऊन रस्त्यांत गेला होता.

ठरावाची ती बैठक संपल्यावर बाईंनी शिट्टीचं कार्ड पर्समधून काढलं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या देखत चुकलं, म्हणून सगळ्यांच्या देखत सांगते."

शिट्टीने कार्ड घेतलं. "तुम्ही मापांत चुकला असतात तर मला राग आला नसता," ती म्हणाली. "मी वाजवून दाखवते म्हटलं होतं. दोन मिनिटं लागली असती."

 कार्ड गळ्यात अडकवून ती निघून गेली.

७

घळीत जायची परवानगी मिळाली तेव्हा शिट्टीने बाईंना निरोप पाठवला: यायचं तर या. सरांना ती चढण झेपणं शक्यच नव्हतं. बाई ते सांगायला घरी गेल्या, तर काकू म्हणाल्या, "मी येऊ का?"

बाईंनी शिट्टीला विचारलं. ती म्हणाली, "बूट चांगले घाला म्हणावं."

तिघी सकाळी निघाल्या. कुंपणाच्या आत डोंगर अर्धा कापलेला होता, पाव कापावा तसा सरळ. त्याच्या कडेने वाट वर जात होती. काकू थांबत थांबत चढल्या. कुणाचा हात घेतला नाही, तक्रार केली नाही. शिट्टी पुढे चालत होती, पण वळणावर गेली की थांबून राहायची, मागे न बघता.

घळ अरुंद होती. दोन्ही बाजूंना ओला काळा दगड, मधे झुडपं आणि गार हवा. शिट्टीने एक सपाट दगड दाखवला. तिघी तिथे बसल्या. बराच वेळ नुसतं पाणी ठिबकत होतं. चिटणीसबाईंना वाटू लागलं की आज काही ऐकू येणार नाही, आणि त्यांना त्याचं बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

खाली, झाडीच्या टोकाशी, एक रानगवई बोलला. तो आवाज कुणाला माहीत नाही? प्रत्येकाच्या खिडकीबाहेर तो असतोच: भराभर पायऱ्या उतरणाऱ्या पोराच्या पावलांसारखा, खट्याळ, घाईचा.

मग वरच्या दगडातून दुसरा आवाज आला. एकच सूर, लांब आणि खालच्या पट्टीतला, इतका सावकाश की तो संपला की अजून चालू आहे ते कळेना. थोडी शांतता. परत तोच सूर, किंचित वर चढून. त्यात पायऱ्या नव्हत्या, पावलं नव्हती, घाई नव्हती. खालच्या पक्ष्याशी त्याचं दूरचंही नातं वाटत नव्हतं.

शिट्टीने मान वळवून काकूंकडे बघितलं. काकूंनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते. सूर तिसऱ्यांदा आला आणि गेला, तरी त्या वरच बघत होत्या.

"हा तो?" त्यांनी विचारलं.

"हो," शिट्टी म्हणाली.

"पण हे तर," काकू म्हणाल्या. "हे तर कुणालाही कळलं असतं गं."